मुलाच्या नावाचा खरा अर्थ कसा तपासावा, आणि ‘ण’वरून नाव कुठून आणावे?

मुलुंडचा नवा बाप

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे तीन आठवड्यांपूर्वी मुलगा झाला. बारावा दिवस बाळाच्या काविळीच्या तपासण्यांत निघून गेला, म्हणून बारसे येत्या रविवारी मुलुंडच्या घरीच करायचे ठरवले आहे. पाळणा शेजारच्या काकूंकडून आला, घुगऱ्यांसाठी हरभरे आणून झाले, माझ्या बहिणीला आत्या म्हणून साडीही घेतली. नाव मात्र अजून ठरलेले नाही.

गेले दोन महिने मी आणि पत्नी मोबाइलवरच्या याद्या चाळत होतो. शेवटी आरव, विवान, रेयांश आणि विहान अशी चार नावे उरली. यादीत त्यांचे अर्थ अनुक्रमे ‘शांत’, ‘चैतन्याने भरलेला’, ‘प्रकाशकिरणाचा अंश’ आणि ‘पहाट’ असे दिले आहेत. परवा संध्याकाळी मी ती घरात मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा आमची आजी (मूळची कऱ्हाडकडची, वय चौऱ्याऐंशी) पावटे सोलत बसली होती. मान वर न करता तिने विचारले, “आरव म्हणजे कोंबडा आरवतो त्यातला का रे?” पत्नीला हसू आवरेना, माझी मात्र त्या रात्री झोप उडाली, कारण यादीवर विश्वास ठेवावा की आजीच्या कानावर, हे मला ठरवता येईना.

दुसरी अडचण पत्रिकेची आहे. हस्त नक्षत्र, तिसरा चरण. गुरुजींनी चिठ्ठीवर नावरस अक्षर, म्हणजे जन्मनक्षत्रावरून येणारे नावाचे आद्याक्षर, ‘ण’ असे लिहून दिले आहे. ‘ण’ बाणाचा, एवढेच मला शाळेपासून ठाऊक आहे. ‘ण’ने सुरू होणारे एकही नाव मला आठवत नाही.

तिसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. आजीची इच्छा आहे की तिच्या सासऱ्यांचे, म्हणजे माझ्या पणजोबांचे, नाव पुढे चालावे. ते नाव तिने आजवर कधी उच्चारलेले नाही. परवाही तिने नुसते ओट्याखालच्या वरवंट्याकडे बोट दाखवले आणि आम्ही काय ते समजलो. पणजोबांचे नाव धोंडू होते. आजच्या शाळेत मुलाला धोंडू म्हणून पाठवायला आम्ही दोघेही धजावत नाही, पण जिवापाड जपलेल्या पोराला लोक दगड का म्हणत असतील, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

शब्दवेल्हाळ, दादर

आपल्या आजींना माझा नमस्कार सांगावा. त्यांचा कान यादी करणाऱ्यांपेक्षा पुष्कळ तयार आहे. संस्कृतात ‘रु’ हा धातू ओरडणे, आवाज करणे या अर्थाचा आहे. त्यापासून ‘रव’ म्हणजे आवाज आणि ‘आरव’ म्हणजे मोठा आवाज, आरडाओरडा. कोंबड्याचे आरवणे त्याच कुळातले आहे. मग यादीत ‘शांत’ हा अर्थ कसा आला, याबद्दल माझा एक तर्क आहे. ‘रव’ नसलेला तो ‘नीरव’, आणि नीरव म्हणजे खरोखरच शांत, निःशब्द. कोणीतरी शेजारच्या ओळीतला अर्थ उचलून आरवपुढे ठेवला असावा आणि पुढच्या सगळ्यांनी तो डोळे मिटून उतरवून घेतला असावा. आपणांस शांत मुलगा हवा असेल तर नाव नीरव ठेवावे. तीन आठवड्यांचे बाळ रात्री दोन वाजता जे करते, त्याला मात्र आरव हेच नाव शोभेल.

रेयांशबद्दल फार बोलण्यासारखे नाही. ‘रेय’ असा किरणवाचक शब्द संस्कृतात नाही. तो किरणासाठीचा इंग्रजी शब्द आहे आणि त्याला शेपटी ‘अंश’ची लावली आहे. अंशाची नावे शिव, देव, रुद्र अशा अकारान्त शब्दांना नीट चिकटतात: शिवांश, देवांश, रुद्रांश. रवीचा अंश करायला गेलात तर संधी होऊन ‘रव्यंश’ होईल, आणि ते नाव हाक मारताना जिभेला गाठ पडेल.

विवानचा ‘चैतन्याने भरलेला’ हा अर्थ संस्कृत धातूंतून निघत नाही. जगण्याशी जोडलेला ‘विव’ हा ध्वनी लॅटिनमधला आहे. गंमत अशी की लॅटिनमधला तो शब्द आणि आपला ‘जीव’ हे मुळात एकाच घरातले, फार जुन्या काळी वेगळे निघालेले भाऊ आहेत. म्हणजे चैतन्य हवे असेल तर जीवन, संजीव अशी आपल्या अंगणातली नावे आहेतच. विवस्वान म्हणजे सूर्य, या नावाशी विवानचे नाते जोडणारेही भेटतात, पण मधला ‘स्व’ असा सोयीने गाळता येत नाही.

विहान मात्र निराधार नाही. उत्तरेकडच्या बोलींत ‘बिहान’ म्हणजे सकाळ, आणि त्याचा माग ‘वि’ उपसर्ग लागलेल्या ‘भा’, म्हणजे प्रकाशणे, या धातूपर्यंत जातो. अर्थ खरा आहे, फक्त तो मराठीत रुळलेला नाही. मराठी कानाला विहान म्हटले की आधी विहीण आठवते, त्याला आपला इलाज नाही.

तपासण्याची रीत विचारलीत, म्हणून एवढेच सांगतो की नाव आधी कोशात पाहावे, आपट्यांचा संस्कृत कोश आजही त्यासाठी पुरतो, आणि मग ते कोणत्या शब्दांपासून, कोणत्या संधीने झाले हे स्वतः जुळवून पाहावे. जे नाव कोणत्याही वाक्यात कोणी कधी वापरलेले नाही आणि ज्याचा अर्थ फक्त नावांच्या यादीतच सापडतो, त्याच्याबद्दल संशय धरावा.

ही काळजी आजची नाही. पतंजलींनी पाणिनीच्या व्याकरणावरील महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात, म्हणजे प्रकरणात, व्याकरण का शिकावे याची कारणे देताना, मुलाचे नाव ठेवता यावे हेही एक कारण दिले आहे. तिथे याज्ञिकांचा नियम आहे: नावाचे पहिले अक्षर घोषवर्ण (ग, ज, द, ब यांसारखे घुमणारे; क, च, त, प हे अघोष) असावे, मध्ये य, र, ल, व यांपैकी काही असावे, आरंभी वृद्धिस्वर, म्हणजे आ, ऐ, औ, नसावा, नाव बापाच्या वरच्या तीन पिढ्यांची आठवण देणारे असावे, अक्षरे दोन किंवा चार असावीत, आणि ते कृदन्त, म्हणजे थेट धातूपासून झालेले, असावे, तद्धित, म्हणजे दुसऱ्या नामापासून साधलेले, नसावे. या शेवटच्या अटीने राघव (रघूपासून) आणि पार्थ (पृथेपासून) ही दोन्ही नावे बाद होतात, आणि वृद्धिस्वराच्या अटीवर खुद्द ‘राम’ नापास होतो. तेव्हा नियम माहीत असावेत, पण त्यांच्या धाकात राहू नये.

गिरगावची आत्या

मी आजवर अकरा भाचरांच्या कानात ‘कुर्र’ केले आहे, त्यामुळे ‘ण’चा प्रश्न मला नवीन नाही. पंचांगात ज्याला अवकहडा चक्र म्हणतात, त्यात २७ नक्षत्रांच्या प्रत्येकी चार अशा १०८ चरणांना अक्षरे वाटून दिली आहेत. हस्ताची अक्षरे पू, ष, ण, ठ. आर्द्राच्या तिसऱ्या चरणाला तर ‘ङ’ येतो आणि उत्तरा भाद्रपदेच्या चौथ्याला ‘ञ’. त्या आईबापांची अवस्था तुमच्यापेक्षा बिकट समजा. अशा वेळी गुरुजी त्याच राशीचे दुसरे अक्षर घेऊ देतात. हस्ताची रास कन्या, आणि कन्येची अक्षरे प, ठ, ण. ‘ठ’ने ठकसेन ठेवण्याची तुमची तयारी नसेल, तर ‘प’ घ्या आणि मोकळे व्हा.

दुसरे असे की नावरस नाव आणि हाक मारायचे नाव एकच असले पाहिजे, हा अलीकडचा गैरसमज आहे. जुन्या पद्धतीत एका मुलाला चार नावे असतात: कुलदेवतेवरून एक, जन्ममासावरून एक, नक्षत्रावरून एक आणि चौथे व्यवहारातले. नक्षत्रनाव तर पूर्वी मुद्दाम गुप्त ठेवत, कारण ते दुसऱ्याला कळले तर करणी होते अशी समजूत होती. आता त्याच नावाचा केक कापतात. असो.

तुमच्या आजींनी वरवंट्याकडे बोट दाखवले, हे वाचून मला माझी आई आठवली. सासऱ्याचे, दिराचे, नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, ही शिस्त एवढी कडक होती की नवऱ्याचे नाव घ्यायला उखाण्याची पळवाट काढावी लागली. त्यातच थोरल्या नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल. मग घरातल्या सुनेने आपल्याच पोराला हाक कशी मारायची आणि रागावायचे कसे? पाळण्यातले नाव नारायण, आणि सासरे नारायणराव. अशा घरांतून मुलगा बाळ, बाबू, नाना, भाऊ, अण्णा, तात्या होई आणि जन्मभर तेच राही. लोकमान्य टिळकांचे पाळण्यातले नाव केशव होते, पण बाळ हे घरातले नावच जगाने उचलले.

तेव्हा धोंडू हे नाव पाळण्यात ठेवा. आजी समोर असताना मी तुमच्या बहिणीच्या जागी असते, तर ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ झाल्यावर पहिले ‘कुर्र’ धोंडूचेच केले असते. कागदावरचे नाव वेगळे असायला काही हरकत नाही. आणि रविवारची घाई फक्त बारशाची आहे, कागदाची नाही: जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, पण नावाचा रकाना कोरा ठेवून नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर विलंबशुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येते.

एक गोष्ट मात्र आत्ताच करून पाहा. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांचे नाव आपल्या राज्यात सरकारी कागदांवर मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायचे आहे. म्हणून निवडलेले नाव पत्नीच्या नावासह, संपूर्ण, मोठ्याने म्हणून बघा. वडिलांच्या नावाशी यमक जुळवण्यात आपण पिढ्या घालवल्या. आता आईच्या नावाशी ते खटकत नाही ना, हे आधी ऐकायला हवे.

लालबागचा नातू

धोंडूबद्दल मी लिहितो, कारण माझ्या आजोबांचे नाव केरू होते.

आजोबा गिरणीत जॉबर होते. त्यांच्या आधीची तीन भावंडे पाळण्यातच गेली. चौथा मुलगा झाला तेव्हा सुईणीने त्याला सुपात घालून घरामागच्या उकिरड्यावर, केराच्या ढिगावर, ठेवले आणि आईने पायलीभर जोंधळे मोजून तो तिच्याकडून ‘विकत’ घेतला. हिशेब साधा होता: जो कोणी मुले नेत होता, मग ती सटवाई असो, दृष्ट असो की पटकी, त्याला सांगायचे की हे आमचे नाही, टाकलेले आहे, नेण्याच्या लायकीचे नाही. कचरू, केरू, उकिर्डा ही नावे त्या व्यवहारातली आहेत. भिकू आणि भिकाजी म्हणजे भीक मागून आणलेला. नथू म्हणजे नाक टोचून, नथ घालून, मुलगी असल्याचे भासवलेला. दगडू आणि धोंडू यांत आणखी एक बाजू आहे, कारण दगड मरत नाही. नावातच दीर्घायुष्य मागितले आहे. अधिक महिन्याला आपल्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात आणि त्या महिन्यात जन्मलेल्यालाही धोंडू म्हणत, तेव्हा आपल्या पणजोबांची जन्मतिथी कुठे लिहिलेली असेल तर महिना जरूर पाहा.

ही फक्त गरिबांची किंवा अडाण्यांची चाल होती, असा एक सूर नेहमी ऐकू येतो, म्हणून दोन उदाहरणे देतो. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे आणि १९५८ साली वयाच्या शंभराव्या वर्षी भारतरत्न झालेले महर्षी कर्वे यांचे नाव धोंडो केशव होते. आणि त्याहून कितीतरी जुने पाहायचे तर ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात अजीगर्त ऋषीच्या तीन मुलांची नावे शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलाङ्गूल अशी आहेत. तिन्ही नावांत कुत्रा आहे, दोहोंत त्याचे शेपूट आहे. ऋषीच्या घरी ही नावे चालत होती.

याच्या उलट बाजूला नवसाची नावे आहेत. खंडोबाला नवस केला की खंडू किंवा मल्हारी, जोतिबाला केला की जोती, म्हसोबाला केला की म्हसू, आणि पाचवीच्या रात्री कपाळावर लिहून जाणाऱ्या सटवाईला शरण गेले की सटवाजी. सटवाई ही मुळात षष्ठी, तेव्हा सटवाजी हे नाव थेट देवीच्या तिथीपर्यंत पोहोचते. आमच्या चाळीच्या नामफलकावर अशी नावे ओळीने होती. देवाच्या नावांतही चमत्कार कमी नाहीत: पांडुरंग या नावाचा शब्दार्थ ‘फिकट, पांढऱ्या रंगाचा’ असा आहे आणि पंढरीची मूर्ती काळीसावळी. जुन्या कोरीव लेखांत पंढरपूरचे नाव ‘पंडरगे’ असे येते आणि त्या कानडी ग्रामनामाला संस्कृत पेहराव चढवून पांडुरंग झाला असावा, असे विद्वानांनी म्हटले आहे. वारकऱ्याला या विसंगतीने कधी अडवले नाही.

माझे वडील मात्र अडले. ते कारकून झाले आणि हजेरीपटापासून लग्नपत्रिकेपर्यंत वडिलांच्या नावाच्या जागी जन्मभर ‘के.’ लिहीत राहिले. कोणी विचारले तर केशव सांगत. आजोबा वारल्यावर दाखला काढताना ‘केशव’ आणि ‘केरू’ एकच, याचे प्रतिज्ञापत्र करावे लागले. त्या दिवशी वडिलांनी ते नाव बहुधा पहिल्यांदा पूर्ण लिहिले. आपण नाव कोणतेही ठेवावे, पण धोंडूची लाज धरून नव्हे, एवढीच विनंती.

वरळीचा मिलिंद

आत्याबाई आणि शब्दवेल्हाळ यांचे वाचून राहवले नाही. नावाचा अर्थ कोशात पाहावा हे खरे, पण कोश कधी कधी अर्धेच सांगतो, त्याचा दाखला मी स्वतः आहे.

शाळेत आमच्या वर्गात दोन मिलिंद होतो. संस्कृतच्या बाईंनी अर्थ सांगितला: मिलिंद म्हणजे भुंगा. दुसऱ्या मिलिंदच्या घरी तोच अर्थ मनात धरून नाव ठेवले होते. त्याच्या बहिणीचे नाव कमल होते, म्हणजे जोडीही जमलेली. मी घरी येऊन सांगितले तेव्हा वडील म्हणाले की तो मिलिंद वेगळा, तू राजा आहेस. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात पंजाबाकडे राज्य करणारा ग्रीक राजा मिनँडर, त्याचे पालीत झालेले नाव मिलिंद. भिक्खू नागसेनांशी त्याने केलेला संवाद ‘मिलिंदपञ्ह’ म्हणून प्रसिद्ध आहे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत काढलेल्या महाविद्यालयाचे नाव सिद्धार्थ, आणि १९५० साली औरंगाबादेत काढलेल्याचे मिलिंद. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतरच्या पिढीत घरोघरी सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, मिलिंद आले. ज्यांच्या आजोबांना दुसऱ्यांनी तुच्छतेने हाक मारावी अशी नावे चिकटवली होती, त्यांनी नातवंडांसाठी स्वतः निवडलेली ही नावे होती. एकाच वर्गातले दोन मिलिंद, एक फुलावरून आलेला आणि एक ग्रीसवरून.

राहुलचा पारंपरिक अर्थही पाहण्यासारखा आहे. मुलगा झाल्याचे कळताच सिद्धार्थ म्हणाला की राहू जन्मला, बंधन जन्मले, आणि तेच नाव पडले, अशी कथा आहे. याद्यांत त्याचा अर्थ ‘सर्व दुःखांवर विजय मिळवणारा’ असा देतात, तो कुठून आला कोण जाणे.

आणि मूळ प्रश्नाला धरून सांगायचे तर, मिलिंद राजाचा नागसेनांना पहिला प्रश्न हाच होता की आपले नाव काय. नागसेन म्हणतात, मला नागसेन म्हणतात खरे, पण आईबाप नागसेन ठेवतात, शूरसेन ठेवतात, वीरसेन ठेवतात, सिंहसेन ठेवतात. ती नुसती ओळखण्याची खूण आहे, त्यात कोणी पुरुष सापडत नाही. राजा यावर पुष्कळ भांडला आणि शेवटी त्याच्या रथाचे चाक, आस, जू असे भाग मोजून दाखवल्यावर गप्प झाला. रविवारच्या पाहुण्यांत नावावरून वाद निघाला तर उपयोगी पडेल.

मांडवीचा वाटसरू

वरच्या प्रतिसादाला जोडून थोडेसे. मशीद बंदर स्थानकाजवळच्या सॅम्युएल स्ट्रीटवर १७९६ साली बांधलेले बेने इस्राएलांचे, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंचे, जुने प्रार्थनामंदिर आहे. कंपनी सरकारच्या फौजेतल्या ज्या अधिकाऱ्याने ते बांधले त्याचे नाव सॅम्युएल इझिकेल दिवेकर, आणि लोकांच्या तोंडचे नाव समाजी हसाजी दिवेकर. दिवे गावचा म्हणून दिवेकर, आणि मागे ‘जी’ लावला की शिवाजी, संभाजी यांच्या पंगतीला समाजी सहज बसतो. सॅम्युएल या हिब्रू नावात ‘शेम’ म्हणजे नाव आणि ‘एल’ म्हणजे देव आहे, तेव्हा समाजी म्हणजे ‘देवाचे नाव’. वसईकडे पोर्तुगिजांचा दोमिंगो दुमिंग झाला. त्याचा अर्थ प्रभूचा, म्हणजेच रविवारचा. आपल्या सोमा, मंगळ्या, बुधा, शुक्र्या यांच्या रांगेत रविवारची जागा त्याने भरून काढली, असे मला नेहमी वाटते.

शब्दवेल्हाळ, दादर

‘ण’बद्दल मी मागे काही लिहिले नाही, कारण थोडा विचार करायचा होता. आता लिहितो.

आज मराठीत ‘ण’ने शब्द सुरू होत नाही, पण या भूमीच्या जुन्या भाषेत, महाराष्ट्री प्राकृतात, आरंभीच्या ‘न’चाही ‘ण’ होत असे. नगराला ‘णअर’ म्हणत. आपल्या मुलुंडमध्ये एखाद्या जैन शेजाऱ्याकडे सकाळी कान देऊन ऐकावे, नवकार मंत्राचा पहिला शब्द ‘णमो’ आहे.

पाणिनीकडे याहून उपयोगी वस्तू आहे. त्याच्या धातुपाठात, म्हणजे धातूंच्या यादीत, नमस्काराचा धातू ‘णम’ असा, नेण्याचा ‘णी’ असा आणि स्तुतीचा ‘णु’ असा, ‘ण’नेच लिहिलेला आहे, आणि मग ‘णो नः’ या सूत्राने आरंभीच्या ‘ण’चा ‘न’ करून टाकला आहे, म्हणून आपण नमन, नयन, नायक म्हणतो. असे करायचे होते तर मुळात ‘ण’ लिहिला कशाला? कारण ‘प्र’सारखा उपसर्ग लागला की तो दडलेला ‘ण’ पुन्हा वर येतो: प्रणाम, प्रणय, प्रणेता. ज्या धातूंत तो दडलेला नाही तिथे येत नाही. नृत् धातूचे ‘प्रनर्तन’ होते, त्यात ‘ण’ शिरत नाही.

आता आत्याबाईंचा ‘प’ आणि गुरुजींचा ‘ण’ एकत्र आणावेत. ‘णु’ म्हणजे स्तुती करणे, त्याला ‘प्र’ लावला की प्रणव होतो. अर्थ ओंकार. आरंभी कन्या राशीचा ‘प’, आणि धातूच्या पहिल्या अक्षरात आपल्या चिठ्ठीतला ‘ण’. पतंजलींच्या कसोटीला लावले तर अक्षरे तीन आहेत आणि ‘प’ अघोष आहे, म्हणजे दोन विषयांत नापास; पण वृद्धिस्वर नाही, र आणि व हे अंतःस्थ वर्ण आहेत आणि नाव कृदन्त आहे. रामापेक्षा दोन गुण कमी-जास्त होतील एवढेच.

मुलुंडचा नवा बाप

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री ही सगळी चर्चा मी घरात वाचून दाखवली. केरूंची हकीकत ऐकताना आजीच्या हातातले पावटे थांबले होते. मग तिने सांगितले की तिच्या सासऱ्यांच्या पाठीवर डाग दिलेला होता आणि त्यांच्या आधीची दोन भावंडे गेली होती. हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हते. धोंड्याच्या महिन्याचे मात्र तिला आठवत नाही.

प्रणव हे नाव पत्नीला पटले आहे. तिच्या आणि माझ्या नावासह चार वेळा म्हणून पाहिले, कुठे अडखळत नाही. गुरुजींना फोन केला तर ते म्हणाले, ‘प’ चालतो, धातूचे मला विचारू नका. रविवारी बहीण पाळण्यात आधी धोंडू म्हणेल आणि मग प्रणव. आजी म्हणते की दुसरे नाव तरी मला घेता येईल असे आहे, नाहीतर पणतूलाही वरवंटाच दाखवावा लागला असता.

गिरगावची आत्या

छान झाले. आता एकच काळजी घ्या. जन्मदाखल्यावर नाव मराठीत आणि इंग्रजीत असे दोन्हीकडे येते, आणि रोमन लिपीला ‘न’ आणि ‘ण’ यांतला फरक कळत नाही. अर्जातला इंग्रजी रकाना पाहून कोणी मराठी रकाना भरला, तर आपला मुलगा ‘प्रनव’ होऊन बाहेर पडतो. आमच्या एका भाच्याच्या ‘गणेश’चा तसा ‘गनेश’ झाला होता आणि दुरुस्तीला तीन खेपा पडल्या. एवढ्या लांबून शोधून आणलेला ‘ण’ आहे. मराठी नाव स्वतःच्या हाताने लिहून द्या आणि दाखला हातात आल्यावर खिडकीपासून हलण्याआधी वाचून घ्या.